न बसलेली गाठ

‘पेनिसिलीन जिवाणूंची पेशीभित्तिका तोडतं.’ बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत एवढं म्हटलं की बहुतेक वेळा मार्क पदरात पडतात आणि परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात. वाक्य सुटसुटीत आहे, लक्षात राहतं, आणि चुकीचं आहे. ते डोक्यात ठेवून कुणी प्रयोगाला उभं राहिलं, तर फ्लास्कमध्ये दिसेल त्याचा अर्थ लागणार नाही. औषध टाकल्यावरही पहिली वीसेक मिनिटं कल्चर गढूळ होत राहतं. वाढ थांबलेल्या पेशींवर औषधाचा परिणाम जवळजवळ होतच नाही. एका मर्यादेनंतर मात्रा कितीही वाढवली तरी पेशी मरण्याचा वेग वाढत नाही. भिंत तोडणारं औषध असं कसं वागेल?

हे पडताळायला दोन टेस्ट ट्यूब पुरतात. ‘मायक्रोकोकस ल्युटियस’ हा पिवळ्या कॉलनीचा, सहसा कुणाच्या वाटेला न जाणारा जिवाणू घ्यायचा. रात्रभर वाढवलेल्या पेशी सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवायच्या आणि पीएच साडेसहाच्या आसपासच्या फॉस्फेट बफरमध्ये अशा मिसळायच्या, की ४५० नॅनोमीटरला ओडी (प्रकाश अडवण्याचं, म्हणजे गढूळपणाचं माप) ०.६ ते ०.७ यावी. बफरमध्ये अन्न नाही, म्हणजे वाढ नाही. एका ट्यूबमध्ये मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम लायसोझाइम हे एन्झाइम टाकायचं. दुसरीत मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम पेनिसिलीन जी, म्हणजे या जिवाणूची वाढ थोपवायला लागतं त्याच्या कितीतरी पट. पहिल्या ट्यूबमधला दुधट द्रव काही मिनिटांत पाण्यासारखा होतो, तिच्यापलीकडे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. दुसरी तासाभरानेही तशीच गढूळ. त्याच पेशी न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये वाढायला लागल्या आणि मग तेच पेनिसिलीन टाकलं, की वाढ थांबते आणि जिवंत पेशींची संख्या उतरायला लागते.

लायसोझाइम खरोखर तयार भिंत कापतं. पेनिसिलीन तयार भिंतीला हातच लावत नाही. गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नजरेला पडल्या. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये लायसोझाइमबद्दल लिहिलं, तेव्हा ज्या जिवाणूवर ते पाहिलं तो हाच मायक्रोकोकस. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात पेनिसिलीनची बुरशी त्यांना दिसली सप्टेंबर १९२८ मध्ये. बुरशीजवळच्या स्टॅफिलोकोकसच्या कॉलनी पारदर्शक होऊन विरघळत होत्या. लायसोझाइममुळे असं विरघळणं त्यांनी आधी पाहिलेलं होतं, म्हणून त्या प्लेटकडे त्यांचं लक्ष गेलं असावं असं मला वाटतं. पण दिसायला सारखी असलेली ही दोन विरघळणी मुळात वेगळी आहेत, हे कळायला पुढची तीसेक वर्षं गेली.

आधी भिंत म्हणजे काय ते पाहू. ‘भिंत’ हा शब्दच थोडा फसवा आहे. विटा-सिमेंट डोळ्यांसमोर येतं. वरळी किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पावसाळ्याच्या बंदीच्या दिवसांत जाळी पसरून दुरुस्त करणारी माणसं दिसतात, तिथे जे मांडीवर असतं ते जास्त जवळचं. जिवाणूभोवती एक अखंड, बंद जाळं असतं, पेप्टिडोग्लायकनचं. आडवे दोर साखरेच्या दोन घटकांचे, एनएजी आणि एनएएम, एकाआड एक ओवलेले. प्रत्येक एनएएमवरून अमिनो आम्लांची एक छोटी शेपटी लोंबते. शेजारच्या दोरांच्या शेपट्या एकमेकींना बांधल्या की जाळं तयार. ई. कोलायमध्ये हे जाळं जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं, जवळजवळ एकपदरी. स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूत वीस नॅनोमीटर आणि त्याहून जाड, पदरावर पदर. आत पेशीरसाचा दाब असतो, ई. कोलायमध्ये काही वातावरणांइतका, स्टॅफिलोकोकसमध्ये वीस-पंचवीस वातावरणांपर्यंत. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच वातावरणं असतो, यावरून ताणाची कल्पना यावी. हा दाब पेलतं ते जाळं. आतलं पातळ पटल एकटं तो क्षणभरही सोसू शकत नाही.

आता गाठ. शेपटीत क्रमाने एल-अॅलानिन, डी-ग्लुटामिक आम्ल, मग लायसिन किंवा डायअमिनोपिमेलिक आम्ल, आणि शेवटी डी-अॅलानिन, पुन्हा डी-अॅलानिन. गाठ बांधणाऱ्या एन्झाइमला ट्रान्सपेप्टिडेज म्हणतात. त्याच्या खोबणीतलं एक सेरीन शेवटच्या दोन डी-अॅलानिनमधला बंध पकडतं. टोकाचं डी-अॅलानिन सुटून बाहेर जातं आणि उरलेली शेपटी क्षणभर एन्झाइमलाच चिकटते. रिकाम्या झालेल्या जागेतून शेजारच्या शेपटीचा अमिनो गट आत येतो, शेपटी त्याच्या स्वाधीन होते, एन्झाइम मोकळं. एक गाठ बसली. या कामाला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागत नाही, आणि पटलाबाहेर एटीपी असतंही कुठे! सुटून गेलेल्या डी-अॅलानिनच्या बंधातच गाठीचा खर्च आधी भरून ठेवलेला असतो. मला हे रसायन अतिशय देखणं वाटतं.

पेनिसिलीनचा रेणू याच खोबणीत बसतो. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी १९४५ मध्ये त्याची रचना निश्चित केली, तेव्हा मधोमध चार कोपऱ्यांचं ताणलेलं बीटा-लॅक्टॅम कडं दिसलं. १९६५ मध्ये डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी मांडलं, की हे कडं आणि त्याचा आजूबाजूचा भाग डी-अॅलानिन–डी-अॅलानिनच्या टोकासारखा दिसतो. सेरीन फसतं आणि कड्यातला बंध पकडतं. कडं उघडतं. पण खऱ्या शेपटीचा तुकडा सुटून जातो तसा इथे काहीच सुटून जात नाही, कारण दोन्ही भाग दुसऱ्या बाजूने अजून जोडलेलेच आहेत. जागा रिकामी होत नाही, शेजारची शेपटी आत येऊ शकत नाही. एन्झाइम तास न् तास तसंच अडकून बसतं, आणि जिवाणूचा तर साऱ्या पिढीचा काळ वीस-तीस मिनिटांचा.

आपल्या पेशींना असं जाळंच नसतं. म्हणून हे औषध माणसाला इतकं सोसतं. अॅलर्जी ही वेगळी बाब, आणि ती प्रयोगशाळेतही लक्षात ठेवायची: पेनिसिलीनची अॅलर्जी असलेल्याने पावडर मोजायला बसू नये, इतरांनी हातमोजे आणि मास्क घालावेत.

हे सगळं कळण्याआधी नुसत्या सूक्ष्मदर्शकावर काम चाललं होतं. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या ए. डी. गार्डनर यांनी नोंदवलं, की कमी मात्रेत जिवाणू मरत नाहीत, लांबलचक धाग्यांसारखे वाढतात. १९४६ मध्ये एडिंबराच्या जे. पी. डुगिड यांनी असे धागे आणि फुगलेले आकार पाहून म्हटलं, की औषधाचा अडथळा बाहेरच्या आधार देणाऱ्या भिंतीच्या घडणीत असावा. तेव्हा भिंत कशाची असते हेही माहीत नव्हतं, त्या मानाने हा अंदाज थक्क करणारा आहे.

मग जेम्स पार्क यांचं काम. १९४९ मध्ये त्यांनी आणि मार्विन जॉन्सन यांनी पेनिसिलीन दिलेल्या स्टॅफिलोकोकसमध्ये युरिडीनची काही विचित्र संयुगं साठत जाताना पाहिली. नवी साखर, तिला जोडलेली अमिनो आम्लं, त्यातली काही डी प्रकारची. कशासाठी, हे कळेना. १९५७ मध्ये पार्क आणि स्ट्रॉमिंजर यांनी ही संयुगं आणि भिंत यांचे घटक शेजारी ठेवले, तर ते जुळले. दादर-परळमध्ये एखाद्या इमारतीचा पुनर्विकास रखडला की फुटपाथवर विटा, वाळू, सळ्या साचत जातात. ट्रक येत राहतात, गवंडी वर चढत नाही. नेमकं हेच पेशीत घडत होतं. माल तयार होतोय, तो जिथे लागायला हवा तिथलं काम थांबलंय. एखादी गोष्ट कुठे अडली ते तुटलेल्या जागेपेक्षा साचलेल्या ढिगावरून लवकर कळतं, हा धडा जीवरसायनात पुन:पुन्हा कामी येतो.

आता फ्लास्ककडे. ई. कोलायचा के-१२ वंशाचा प्रयोगशाळेतला निरुपद्रवी स्ट्रेन आणि अॅम्पिसिलीन ही जोडी सोयीची. पेनिसिलीन जीला ई. कोलायचं बाहेरचं पटल सहज ओलांडता येत नाही, त्यामुळे मात्रा फार वाढवावी लागते. अॅम्पिसिलीनवर एक जादा अमिनो गट आहे, त्याच्या जोरावर ते पोरिनच्या नळ्यांतून आत शिरतं. स्ट्रेन निवडताना एक गोष्ट आधी तपासायची: त्यात अॅम्पिसिलीनरोधी प्लास्मिड, म्हणजे औषधाला दाद न देणारं जनुक वाहणारं डीएनएचं छोटं कडं, नाही ना. क्लोनिंगच्या कामातून उरलेल्या ट्यूबमध्ये तो हमखास असतो, आणि मग दिवसभर औषध टाकत बसलं तरी आलेख वरच जातो.

मुंबईत या प्रयोगाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हवेतली वाफ. जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकलेली असते. उणे २० अंशांवरची बाटली काढून लगेच झाकण उघडलं, की थंड पावडरवर दव पडतं. बीटा-लॅक्टॅम कड्याला पाणी पुरेसं असतं, ते हळूहळू उघडत जातं, आणि पावडर दिसायला पांढरीशुभ्रच राहते. महिन्याभराने मात्रा कागदावर १०० आणि प्रत्यक्षात कितीतरी कमी. म्हणून बाटली बंद झाकणासकट सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायची. बाहेरून हात लावल्यावर गार लागली नाही की मगच उघडायची, मोजायचं, झाकायचं. सिलिका निळी आहे की गुलाबी हे रोज बघायचं. पावसाळ्यात ती दोन-चार दिवसांत गुलाबी पडते, ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी करावी लागते. लेबलही नीट वाचायचं. अॅम्पिसिलीनचा सोडियम क्षार पाण्यात मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम सहज विरघळतो. ट्रायहायड्रेट विरघळत नाही. मग कुणीतरी सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतं, ते जास्त झाले की अल्कलीने कडंच उघडतं आणि छान स्वच्छ दिसणारं निकामी द्रावण हाती राहतं. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, दोनशे-दोनशे मायक्रोलीटरच्या ट्यूब भरायच्या, उणे २० ला ठेवायच्या. एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवायची नाही. ऑटोक्लेव्हमध्ये तर कधीच नाही.

रात्रभराचं कल्चर ताज्या, आधीच ३७ अंशांवर आणलेल्या एलबी ब्रॉथमध्ये शंभरात एक या प्रमाणात घालायचं. फ्लास्कचा पाचवा हिस्साच भरायचा, शेकर मिनिटाला १८० ते २०० फेऱ्यांवर. ६०० नॅनोमीटरला ओडी ०.२ ते ०.३ झाली की चार फ्लास्क मांडायचे. एक नुसता. दुसऱ्यात मिलीलीटरला ५० मायक्रोग्रॅम अॅम्पिसिलीन. तिसऱ्यात तेवढंच अॅम्पिसिलीन, पण पेशी आधीपासून २० टक्के सुक्रोज आणि १० मिलीमोलर मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या ब्रॉथमध्ये वेगळ्या वाढवलेल्या. चौथ्यात अॅम्पिसिलीनच्या दहा मिनिटं आधी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रथिनं बनणं थांबवणारं औषध, मिलीलीटरला ३० मायक्रोग्रॅम. दर दहा मिनिटांनी वाचन.

पहिला फ्लास्क वाढत जातो. दुसरा वीसेक मिनिटं पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो, मग वळतो आणि कोसळतो. तासाभरात द्रव निवळतो, वर थोडा फेस, आणि पिपेटच्या टोकाला चिकट तार लागते. ती तार म्हणजे फुटलेल्या पेशींमधून बाहेर आलेला डीएनए. तिसरा कोसळत नाही. चौथा सपाट राहतो, ना वर ना खाली.

या चारांत मला चौथा फ्लास्क सगळ्यात बोलका वाटतो. त्यात पेनिसिलीन वर्गातलं औषध भरपूर आहे, एन्झाइमं अडकलेली आहेत, तरी पेशी फुटत नाहीत, कारण प्रथिनं बनणं थांबल्याने वाढच थांबली आहे. ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं, की पेनिसिलीन वाढत्या जिवाणूंनाच मारतं. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग यांनी न्यूमोकोकसच्या मेंदूज्वराचे रुग्ण पाहिले. ज्यांना पेनिसिलीनसोबत क्लोरटेट्रासायक्लिन हे वाढ थांबवणारं औषध दिलं होतं, ते नुसत्या पेनिसिलीनवरच्या रुग्णांपेक्षा जास्त दगावले. दोन औषधं एकापेक्षा बरी, हा साधा हिशोब तिथे उलटला. आणि १९८६ मध्ये ट्युओमानेन, टोमाझ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय वेगवेगळ्या वेगांनी वाढवून दाखवलं, की बीटा-लॅक्टॅमने मरण्याचा वेग वाढीच्या वेगाशी ठरावीक प्रमाणात असतो. म्हणून वाचन घेताना फ्लास्क एसीखाली टेबलावर विसरला, की आलेख बदलतो. माझं मत असं, की या प्रयोगाच्या वहीत औषधाच्या मात्रेच्या आधी पेशींचा दुपटीचा काळ लिहायला हवा. बहुतेक वह्यांत तो नसतोच.

तिसऱ्या फ्लास्कमधला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेऊ. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये असंच साखरेचं पाणी वापरलं होतं. बाहेरचं द्रावण घट्ट केलं, की आत-बाहेरच्या दाबातला फरक मिटतो आणि जाळं गेलं तरी पेशी फुटत नाही. काठीसारखा ई. कोलाय गोल चेंडू होऊन बसतो. याला स्फेरोप्लास्ट म्हणतात. स्लाइडच्या कडेने टिश्यूपेपर लावून साखरेच्या जागी साधं पाणी ओढून घेतलं, की चेंडू एकेक करून नाहीसे होतात. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, सुक्रोजच्या द्रवाचं ओडी साध्या ब्रॉथच्या ब्लँकवर वाचणं. साखरेने प्रकाशाचं वळणं बदलतं, तेव्हा ब्लँकही सुक्रोजचाच हवा. दुसरी, वाढत्या पेशींवर एकदम २० टक्के सुक्रोज ओतणं. पेशी आक्रसतात, वाढ खुंटते, आणि मग काहीच फुटलं नाही ते साखरेच्या आधाराने की वाढ थांबल्याने, हे सांगता येत नाही. पेशी आधीपासून त्याच द्रवात वाढवून सवयीच्या करायच्या.

साखर नसलेल्या फ्लास्कमध्ये काय घडतं ते बघायचं तर दीड टक्का अगॅरोजची पातळ चकती एलबीमध्ये बनवायची, तिच्यातच अॅम्पिसिलीन घालायचं, पण चकती ५० अंशांखाली आल्यावर. वर दोन मायक्रोलीटर कल्चर, कव्हरस्लिप, कडा व्हॅसलिनने बंद. शंभरचं ऑइल इमर्शन, फेज कॉन्ट्रास्ट. स्टेजला हीटर नसेल तर खोलीचा एसी बंद करायचा. मे महिन्यात मुंबईतली खोली तिशी ओलांडते, तेवढ्यावर काम चालतं, फक्त सगळं सावकाश घडतं.

पहिली काही मिनिटं काठ्या काळ्याभोर, सरळ, लांब होत जाणाऱ्या. मग एखादीच्या बरोबर मध्यावर, जिथे पेशी दुभंगायची असते तिथे, किंचित कड फुगते. बुडबुडा एकाच बाजूला येतो, त्याची कड काठीपेक्षा फिकट. काठी तिथे कोपरासारखी वाकते. बुडबुडा काठीच्या रुंदीएवढा होतो, त्याहून मोठा होतो. काही पेशी अशा फुगलेल्या अवस्थेत बराच वेळ थांबतात. आणि मग काही कळायच्या आत काळी काठी राखाडी सावली होते. फोडल्याचा हिसका नाही, तुकडे नाहीत. काळेपणा म्हणजे आतला ऐवज होता, तो बाहेर गेला. मागे रिकामी पिशवी राहते, तिचा आकार अजून काठीचाच. जाळं तिथेच आहे, त्याला मधोमध एक भोक आहे.

ते भोक कुणी पाडलं? पेनिसिलीनने नाही, हे मायक्रोकोकसच्या ट्यूबने आधीच सांगितलंय. जाळं मोठं करायचं तर ते आधी कुठेतरी कापावं लागतं. आतला मासा निसटू न देता भरलेलं जाळं रुंद करायचं, म्हणजे एक गाठ सोडायची, नवा दोर घालायचा, दोन गाठी बांधायच्या, आणि हे लाखो जागी, सतत. कापणारी एन्झाइमं जिवाणूची स्वतःचीच असतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत मंजुला रेड्डी यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की ई. कोलायमध्ये गाठी सोडणारी तीन एन्झाइमं एकत्र काढून टाकली तर जिवाणू वाढूच शकत नाही. कातर नसेल तर वाढ नाही. पेनिसिलीन बांधणाऱ्याचा हात धरतं, कातर चालूच राहते.

याला दुसऱ्या बाजूनेही पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अलेक्झांडर टोमाझ यांनी १९७० मध्ये दाखवलं, की न्यूमोकोकसची स्वतःला विरघळवणारी यंत्रणा दाबली, तर पेनिसिलीनने वाढ थांबते, पण पेशी फुटत नाहीत. औषध तेच, मात्रा तीच. २०१४ मध्ये थॉमस बर्नहार्ट यांच्या गटाने आणखी एक पदर उलगडला. गाठ बांधणं थांबलं तरी दोर वळणं थांबत नाही. नवे दोर विणले जातात, गाठ न बसल्याने सैल राहतात, आणि दुसरं एन्झाइम ते लगेच कापून टाकतं. विणा आणि कापा, पेशीचा सगळा माल यातच जातो. म्हणजे १९५७ सालचं ‘काम थांबतं’ हे चित्रही अपुरं होतं. काम वेड्यासारखं चालू राहतं, हाती काही लागत नाही.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण निष्कर्ष चुकतात ते बहुधा इथेच. ओडी म्हणजे संख्या नव्हे. कमी मात्रेत जिवाणू दुभंगत नाही पण लांबत राहतो. ओडी चढते, पेशी तेवढ्याच. प्लेटवर पसरला तर दहा पेशींच्या लांबीचा धागा एकच कॉलनी देतो. दुसरं, औषध सोबत येतं. ५० मायक्रोग्रॅमच्या फ्लास्कमधून १०० मायक्रोलीटर थेट प्लेटवर टाकले, तर प्लेटवरही मारणं चालू राहतं आणि जिवंत पेशी शून्य भरतात. निदान हजारपट पातळ करायचं, किंवा सेंट्रिफ्यूज करून धुवायचं, किंवा पातळ करण्याच्या द्रवात पेनिसिलिनेज, म्हणजे पेनिसिलीन नष्ट करणारं एन्झाइम, घालायचं. तिसरी गोष्ट मला फार विचार करायला लावते. स्फेरोप्लास्ट नेहमीच्या ०.८५ टक्के सलाइनमध्ये पातळ केले तर फुटतात, सुक्रोजमध्ये केले तर त्यातले बरेच टिकतात. एकाच थेंबात किती पेशी जिवंत, या प्रश्नाची दोन उत्तरं येतात आणि दोन्ही खरी असतात. वहीत आकड्याशेजारी पातळ करण्याचा द्रव लिहिला नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि शेवटी थोड्या पेशी उरतातच. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये त्यांना ‘पर्सिस्टर’ म्हटलं. त्या प्रतिरोधक नसतात. ताज्या ब्रॉथमध्ये वाढवल्या, की त्यांची पिलावळ पुन्हा तितकीच बळी पडते. वाढत नव्हत्या म्हणून वाचल्या, एवढंच.

खरा प्रतिरोध वेगळा. अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच पेनिसिलीन नष्ट करणारं एन्झाइम दाखवलं, औषध रुग्णालयांत पोचायच्याही आधी. अशा एन्झाइमांना बीटा-लॅक्टॅमेज म्हणतात, आणि त्यांची कित्येक रूपं गाठ बांधणाऱ्या एन्झाइमची भाऊबंदच आहेत. तेच सेरीन, तोच हल्ला, फक्त अडकल्यावर पाण्याचा एक रेणू अचूक जागी येऊन सुटका करतो. टीईएम-१ नावाचं एन्झाइम सेकंदाला हजाराच्या घरात पेनिसिलीनचे रेणू निकामी करतं. प्लेटवर ही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. म्युलर-हिंटन आगर ४ मिलीमीटर जाड, म्हणजे ९० मिलीमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिलीलीटर. त्यावर स्टॅफिलोकोकसचा थर आणि पेनिसिलीनची चकती. पावसाळ्यात झाकणाला लोंबणारे थेंब पडून थर पुसला जातो, म्हणून प्लेट आधी लॅमिनार फ्लोमध्ये दहा-पंधरा मिनिटं झाकण किलकिलं ठेवून वाळवायची. दुसऱ्या दिवशी रिकाम्या वर्तुळाची फक्त रुंदी मोजून थांबू नये, कडही बघावी. पेनिसिलिनेज नसेल तर कड विरळ होत जाते, गिरगाव चौपाटीची वाळू पाण्यात उतरावी तशी. असेल तर कड मरीन ड्राइव्हच्या कठड्यासारखी ठाशीव, कारण तिथल्या कॉलनींनी मिळून औषध संपवलेलं असतं. वर्तुळ मोठं आहे म्हणून औषध चालेल असं लिहिण्याआधी ही कड पाहणं हे साध्या डोळ्यांचं काम आहे, आणि घाईच्या प्रयोगशाळेत तेच राहून जातं.

एक प्रयोग राहिला. गाठ बांधणारी एन्झाइमं एकच नाही, अनेक आहेत. ब्रायन स्प्रॅट यांनी १९७५ मध्ये किरणोत्सारी पेनिसिलीन चिकटवून ती जेलवर वेगळी केली आणि पेनिसिलीन बांधणारी प्रथिनं, म्हणजे पीबीपी, म्हणून त्यांना क्रमांक दिले. १ क्रमांकाचं अडलं की पेशी फुटते, २ अडलं की गोल होते, ३ अडलं की दुभंगत नाही. सेफॅलेक्सिन मुख्यतः तिसऱ्याला अडवतं. मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम टाकून ई. कोलाय तासभर वाढवला, की प्रत्येक काठीचा लांब, गुळगुळीत धागा होतो, कुठेही आडवी रेघ नसलेला. जास्त वेळ ठेवला तर धागेही फुटायला लागतात, म्हणून घड्याळ सोडायचं नाही. सेंट्रिफ्यूज हळू फिरवायचं, जोरात फिरवलं तर धागे मोडतात. औषध धुऊन ताज्या ब्रॉथच्या अगॅरोज चकतीवर ठेवायचे. अडकलेलं एन्झाइम सुटत नाही, नवं बनावं लागतं, त्यामुळे बराच वेळ काहीच दिसत नाही आणि प्रयोग फसला असं वाटून स्लाइड काढावीशी वाटते. काढू नये. मग धाग्याच्या टोकाजवळ एक बारीक खाच पडते. थोड्या वेळाने आत दुसरी. खाचा खोल होतात, टोकाची काठी हलते, तिरकी होते, सुटते. तिच्यामागे पुढची. सगळ्यात शेवटी धाग्याचा मधला भाग उरतो, आणि त्यालाही एक खाच पडू लागलेली असते.